मैनाबाईचं मनगट

“हे लुगडं पिळलं, का नुसतं पान्यातून काढून दोरीवर फेकलं वं?”

कार्तिकातला काकडा आटोपून मी नुकतीच देवळातून आले होते. कानात अजून टाळ वाजत होते आणि त्यातच भिंतीपलीकडून मैनाबाईच्या सासूचा, सुखीबाईचा, आवाज आला. आमच्या दोन घरांत भिंत एकच, ती पण छातीएवढी. वाकून पाहिलं. दोरीवरच्या नऊवारी लुगड्यातून पाणी टपटप गळत होतं आणि खाली वाळत घातलेल्या मुगवड्या भिजून चिखल झाल्या होत्या.

“पिळलं, आत्याबाई,” मैनाबाई हळू म्हणाली.

“याले पिळलं म्हंतेत? माह्या माहेरी पाच वर्साची पोट्टी याच्यापेक्षा चांगलं पिळे!”

“हात वळत नाई. किती सांगू?”

“काल कापूस वेचाले बरा वळला?”

“डाव्यानं वेचला.”

“म्हनून बारा किलो भरला! रोज चाळीस किलो वेचनारी बाई तू, बारा किलोवर आली. लोक हासून राह्यले.”

मैनाबाई उजवं मनगट डाव्या मुठीत धरून चुलीपुढे बसली. सुखीबाई माणूस वाईट नव्हती. चार लेकरं जाऊन एक सदाशिवराव, मैनाबाईचा नवरा, उरलेला, म्हणून तिचा सगळा जीव त्याच्यात. बाकीच्यांच्या वाट्याला फक्त तोंड.

दुखणं दसऱ्याच्या आधीचं. शेतात बंडीवर कापसाचं गठोडं चढवताना वरच्या माणसानं आधीच हात सोडला आणि सगळा भार मैनाबाईच्या उजव्या तळव्यावर पिळा घेऊन आला. मनगटात कट्कन वाजलं. सूज चार दिवसांत उतरली, पण दुखणं तिथंच बसून राहिलं. करंगळीच्या बाजूला मनगटावर जे गोल हाड वर दिसतं, त्याच्या पुढच्या खळगीत. तवा उचलला की तिथं कळ. दाराची कडी फिरवली की कळ. जमिनीला हात टेकून उठायला गेली की डोळ्यांत पाणी. आणि बोंडातला कापूस ओढताना मनगट दरवेळी जरासं वळतं. दिवसातून किती हजार वेळा, ते ज्यानं वेचला त्यालाच माहीत.

गावाच्या उपायांत काही कमी राहिली नव्हती. हळद-चुना झाला, एरंडाचं पान झालं. उकंडाकडे नेलं. उकंडा पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून आलेला. अशा माणसाचा पाय लागला की चमक जाते, असं आमच्याकडे मानतात, आणि हाडं बसवण्यातही त्याचं नाव. त्यानं तिच्या मनगटाला तीनदा पायाचा अंगठा लावला, मग करंगळी धरून असा झटका दिला की मैनाबाई ओसरीवर आडवी झाली.

“बसलं हाड!” उकंडा म्हणाला.

“सरकलं कवा होतं?” सदाशिवरावानं विचारलं.

“आता बसलं म्हंजे आधी सरकलंच असन नं, भाऊ!”

त्या झटक्यानंतर हात आणखी बिघडला. शेवटी सदाशिवरावानंच सांगितलं, “यवतमाळले जाऊन दाखवून ये. कोकिळाबाईले संगं नेजो.” एवढं बोलून तो कापसाची बंडी जुंपून दिग्रसला खरेदी केंद्रावर गेला. त्या साली केंद्रावर बंड्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नव्हती. भाव पडलेला, मोजमाप बंद पडायचं, माणसं बंडीखालीच झोपायची.

कोकिळाबाई म्हणजे मी. मी मैनाबाईबरोबर जाणार, असं ठरलं होतं. पण त्या दिवशी गावात सप्ताह बसला, आणि पहिल्या दिवसाचं कीर्तन पुसदकडच्या बुवांचं. माझा नवरा साप चावून गेला त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि त्या अकरा वर्षांत मला कोणी उभं ठेवलं असेल तर कीर्तनानं. बुवा बोलायला लागले की छातीतला दगड पाण्यात सुटतो. मैनाबाईनं माझं तोंड पाहूनच ओळखलं.

“जा तू कीर्तनाले,” ती म्हणाली. “मी काय लहान हाव? बस गावातूनच तं जाते.”

मी तिच्याबरोबर गेले नाही. पुढचं सगळं त्या एका न जाण्यातून निघालं, असं मी आजही म्हणते.

दुपारी चारच्या बसनं ती परत आली. आम्ही बायका कीर्तनाचा प्रसाद घेऊन बसथांब्याजवळूनच येत होतो. बसमधून मैनाबाई उतरली. उन्हानं, घामानं तोंड पुसून पुसून कपाळावरचं कुंकू गेलेलं. डोळे रडून सुजलेले. डावा हात पदराखाली, त्यात पिशवी धरलेली. आणि उजव्या हातात एकसुद्धा बांगडी नाही. कोपरापासून पांढरी पट्टी.

माझ्या डोळ्यांना पट्टी दिसलीच नाही. मला फक्त बांगडी नसलेला हात दिसला.

तुम्हाला ते साल आठवत असेल तर मी वेगळं सांगायला नको. त्या पावसाळ्यात आजूबाजूच्या तीन गावांत चौघांनी फवाऱ्याचं औषध तोंडाला लावलं होतं. बाईचा हात मोकळा दिसला की विचारायची गरज नव्हती. त्यात सदाशिवराव तीन दिवस दिग्रसला. मी प्रसादाचा द्रोण टाकला आणि ओरडले, “मैनाबाई वं! काय झालं वं माय!”

मी तिला मिठी मारून हंबरडा फोडला. मागच्या बायका धावल्या. आणि मैनाबाई? तिला वाटलं, दिग्रसहून गावात काही बातमी आली. आपण दवाखान्यात होतो आणि इकडे नवऱ्याचं काही झालं.

“काय झालं? सांगा नं! त्यायले काय झालं?” ती किंचाळली.

आम्हाला वाटलं, ती शुद्धीवर नाही. आम्ही आणखी रडलो. आमचं रडणं पाहून तिला खात्री पटली आणि ती रस्त्यातच बसली. तिला धरून घरी आणलं. सुखीबाई दारात आली, सगळ्यांची तोंडं पाहिली, “माहा सदा!” एवढंच म्हणाली आणि उंबऱ्यावर कोसळली. शहाणं म्हणावं असं त्या अंगणात एक माणूस नव्हतं. कोण म्हणालं बंडीखालीच गेला, कोण म्हणालं शवागारात नेला. दोघं मोटरसायकल काढून दिग्रसला निघायच्या बेतात उभे राहिले.

मग डाव्या हाताचं राहिलं होतं. डाव्या हातात हिरव्या बांगड्या तशाच होत्या. ते काम आमच्याकडे माझ्यासारखीनंच करायचं असतं, जिच्या हातात आधीच काही उरलेलं नाही. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मैनाबाईचा डावा हात धरला आणि ओसरीच्या दगडावर आपटला. सहा बांगड्या. तिच्या मनगटातून रक्त आलं. तिनं हात ओढला नाही.

त्यानंतर घटकाभरात बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. सदाशिवराव रिकामी बंडी घेऊन गल्लीत शिरला. अंगणात एवढी माणसं पाहून त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

“कोन गेलं बावा?” त्यानं विचारलं. “बुढी तं बरी हाये नं?”

सुखीबाई धावत जाऊन त्याला चाचपायला लागली. तोंड, छाती, हात. मागून कोणीतरी एकदम हसलं, मग सगळे हसायला लागले, रडता रडताच. उकंडा म्हणाला, “सदाशिवभाऊ, खोटी बातमी उठली की आयुष्य वाढते. तुमचं आयुष्य वाढलं!”

“कापसाचा भाव वाढला असता तं कामात आलं असतं,” सदाशिवराव म्हणाला.

तो हसत म्हणाला, पण त्याच्यामागून कोणी हसलं नाही.

माणसं पांगली. मी खाली मान घालून ओसरीच्या कोपऱ्यात बसून राहिले. सदाशिवरावानं बायकोच्या डाव्या हाताचं रक्त फडक्यानं पुसलं आणि उजव्याकडे बोट दाखवून विचारलं, “हे काय म्हने?”

मग मैनाबाईनं सांगितलं. दवाखान्यात मिताली म्याडम म्हणून डॉक्टरीण होती. तिनं आधी काही न दाबता नुसतं विचारलं, काय करताना दुखतं. मैनाबाईनं लुगडं पिळायचं सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली, खुर्चीवर दोन्ही तळवे टेकून उठा. उठता आलं नाही. मग त्या खळगीत अंगठा ठेवला, अगदी हलका. “जीव गेला माहा,” मैनाबाई म्हणाली. मग हात करंगळीकडे झुकवून गोल फिरवला, तर आत कट्कट वाजलं. गोल हाड वरून दाबलं, तर ते खाली गेलं आणि सोडल्यावर वर आलं.

“तुह्या भजनातल्या पेटीची पट्टी दाबतेत नं कोकिळा, तसंच,” ती मला म्हणाली. एवढं सगळं होऊनही ती माझ्याशी बोलली.

फोटो काढला. हाड शाबूत. डॉक्टरीण म्हणाली, मोडलं काही नाही. हाताच्या दोन हाडांना त्या टोकाशी बांधून ठेवणारी एक बारकी गादी असते, कुर्रीची, म्हणजे मऊ हाडाची. वजन तोलते, वळण सांभाळते. ती फाटली आहे. फोटोत ती दिसत नाही, म्हणून कोणी विश्वास ठेवत नाही. तिला रक्त कमी पोचतं, म्हणून वेळ लागतो. सहा आठवडे हात वळू द्यायचा नाही, अजिबात. तेवढं पाळलं तर ती धरेल. नाही पाळलं तर सांधा सैल होईल, मग नागपूर आणि ऑपरेशन.

“आन् बांगड्या?” सुखीबाईनं विचारलं.

“पट्टी मनगटाले घट्ट पायजे. बांगड्यायवरून बांधून चालत नाई म्हने. मी लय म्हटलं. शेवटी नर्सनं फोडल्या. मी बसमध्ये रडत आली ते त्याच्यानंच.”

सुखीबाई उठून उभी राहिली. “उद्या कासारनीले बलावतो. दोन्ही हात भराचे.”

“डावा भरा, आत्याबाई. उजवा सहा आठवडे नाई.”

“माह्या लेकाचं मरन माह्या दारात रडलं गेलं! एकच हात भरून ते फिटते का?”

दुसऱ्या दिवशी कासारीण आली आणि डावा हात भरून गेली. उजव्यासाठी मैनाबाई हटून बसली. मी तिला वीस वर्षं पाहत होते, एवढी हटलेली कधी पाहिली नव्हती. भांडी सदाशिवरावानं उचलली, पाणी त्यानं भरलं. गावात त्यावरून चेष्टा झाली, ती त्यानं ऐकून घेतली. सुखीबाईनं सुनेच्या हातचं खायचं सोडलं. “एका हातानं वाढलेलं मले चालत नाई,” म्हणाली, आणि माझ्याकडे येऊन भाकर खायला लागली. माझ्या तर दोन्ही हातांत काही नव्हतं, पण ते तिच्या डोक्यात येत नव्हतं.

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दोष माझा. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी मी बुवांच्या बिऱ्हाडी गेले आणि पाया पडून सगळं सांगितलं. बुवांनी डोळे मिटून ऐकलं. काल्याच्या कीर्तनात त्यांनी विषय काढला. म्हणाले, माउल्यांनो, धन्याचा जीव काचेत ठेवायला देव काय कासार आहे? जो हात दुखतो त्याला आराम देणं हीच त्या हाताची पूजा. मृदंग थांबला होता. सगळा मांडव डोळे पुसत होता. सुखीबाईनंही पदर डोळ्याला लावला, मी स्वतः पाहिलं. माझं मन भरून आलं. वाटलं, देवानं ऐकलं.

घरी येताना मी तिला म्हटलं, “मामी, आयकलं नं बुवांचं?”

“आयकलं. लय गोड बोलले,” सुखीबाई म्हणाली. “पन त्यायले सून नाई नं बाई.”

पट्टीचे अठरा दिवस झाले. मैनाबाई म्हणायची, रात्री आता ठणकत नाही. जमिनीवर बोटं टेकवून पाहायची आणि माझ्याकडे बघून हळूच हसायची. कळ कमी होती. अजून चोवीस दिवस. भिंतीवर ती कोळशानं रेघा ओढत होती.

एकोणिसाव्या दिवशी सदाशिवरावाला ताप भरला. त्या साली तापाची साथ घरोघरी होती. सांधे धरायचे, माणूस चालताना पुढे वाकायचं. दुसऱ्या दिवशी तो बरळायला लागला. उपकेंद्रातली नर्स येऊन गोळ्या देऊन गेली, म्हणाली तीन दिवसांत उतरेल. पण सुखीबाई त्याच्या उशाशी बसून सुनेच्या हाताकडे बघत होती. बोलत नव्हती. आयुष्यभर बोलणारी बाई गप्प बसली की ते बघवत नाही.

दुपारी मी भिंतीपाशी होते. मैनाबाई पट्टीचे बंद दातानं सोडत होती.

“काहून वं सोडतं?” मी ओरडले. “गोळ्यायनं उतरते ताप! उपकेंद्रातली बाई सांगून गेली नं!”

“मालूम हाये मले.”

“मंग?”

“नाई उतरला तं?” ती म्हणाली. “नाई उतरला, तं मी या हाताचं काय करू, सांग.”

माझ्या स्वतःच्या मनातही तिनं विचारलेलंच होतं. सगळी कीर्तनं ऐकूनसुद्धा तेच होतं.

कासारीण आली. अशा वेळी माझ्यासारखीनं जवळ जायचं नसतं, मी भिंतीच्या अलीकडेच राहिले. बांगडी भरताना हात कसा धरतात, ते मी त्याआधी कधी नीट मनात आणलं नव्हतं. कासारीण अंगठा आणि करंगळी एकमेकांवर दाबून पंजाची सुरळी करते, आणि मग बांगडी चढवताना मनगटाला दोन्हीकडून पीळ देते. इकडून एक, तिकडून एक. अठरा-वीस दिवस पडून राहिलेला हात सुजून जाड झालेला. कासारीण म्हणाली, “सैल सोड वं बाई, हात सैल सोड.”

दोन चढल्या. तिसरीला आवाज आला. बांगडीचा नव्हे. भिंतीपलीकडूनही मला तो कळला.

मैनाबाई ओरडली नाही. “भर,” एवढंच म्हणाली. सहाही भरल्या. सुखीबाईनं तिची ओटी भरली, तिला कुंकू लावलं आणि तिच्या गळ्यात पडून लहान लेकरासारखी रडली.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. नर्सनं सांगितला होता तसाच. पण सुखीबाईनं गावभर सांगितलं, बांगड्या भरल्या आणि संध्याकाळी घाम फुटला. खोटं म्हणायला कोणी उभं राहिलं नाही. मीही नाही.

पौषात मी मैनाबाईबरोबर यवतमाळला गेले. ह्या वेळी गेले. डॉक्टरीण तरुण होती, आवाज मऊ. तिनं आधी बांगड्यांकडे पाहिलं. गोल हाड दाबलं. माझ्या डोळ्यांसमोर ते खोल गेलं, आणि सोडल्यावर लगेच वर आलंच नाही. जुन्या पेटीची स्प्रिंग मेलेली पट्टी असते, ती दाबली की खालीच राहते, तसं. डॉक्टरीण किती वेळ तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसली.

“किती दिवस ठेवली होती पट्टी?”

“एकोनवीस.”

“कोणी काढली?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मैनाबाई म्हणाली, “मीच काढली.”

“काय झालं काढायला? मी सांगितलं होतं ना, धरत आलं असतं.”

मैनाबाईनं हात मागे घेतला. त्या बाईला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, बसमधून उतरल्यापासून की त्याच्याही आधीपासून. मग म्हणाली, “काम होतं जी.”

डॉक्टरणीनं नागपूरचा कागद लिहून दिला. म्हणाली, ऑपरेशन होईल, पण पहिल्यासारखा पीळ ह्या हातात येईल असं मी खोटं सांगणार नाही. कागद मैनाबाईनं घडी करून पिशवीत ठेवला. नागपूर झालं नाही. कधी वेचणी आली, कधी लग्न आलं, कधी नुसतंच राहिलं.

माघात शेवटच्या वेचणीला आम्ही दोघी तिच्याच शेतात होतो. कापसाची पऱ्हाटी वाळून काळी पडलेली, बोंडांत किडका, पिवळा कापूस. जमीन भेगाळलेली, त्यात टाच अडकायची. मैनाबाई डाव्या हातानं वेचत होती आणि उजवा हात पोटाशी धरलेला, झोपलेलं लेकरू धरावं तसा. माझ्या दोन ओळी होईपर्यंत तिची अर्धी होत होती. मला राहवलं नाही. ओटीतला कापूस खाली ठेवला आणि तिच्यापुढे हात जोडले.

“माहं चुकलं, मैनाबाई. मी त्या दिवशी संगं आली असती, तं हे काहीच झालं नसतं. तुह्या हाताले मीच...”

“कायले हात जोडतं? सोड.”

“नाई, मले बोलू दे. मी तुह्या जित्त्या नवऱ्याच्या नावानं रडली. सारं गाव गोळा केलं.”

तिनं एक बोंड वेचलं. मग दुसरं.

“तुमी सारे आले, त्याचं मले वाईट नाई वाटत वं,” ती म्हणाली. “मानूस मेलं म्हनून आले. मायेनंच आले. पन ते तं मेलेच नव्हते. मेला तो माहा हात. आन् त्याले रडाले कोनी आलं नाई. आत्याबाईनं तं ओटी भरली.”

अकरा वर्षं ऐकलेल्या कीर्तनांतला एक शब्द माझ्या कामी आला नाही. मी तिथंच ओळीत बसले आणि तिचा उजवा हात मांडीवर घेऊन रडले, मोठ्यानं, त्या दिवशी रस्त्यात रडले होते तशी. तिनं रडू दिलं. बांगड्या एका बाजूला सरकलेल्या, आणि त्यांच्या खालून ते गोल हाड वर आलेलं.

थोड्या वेळानं तिनं हात काढून घेतला. ऊन उतरत होतं.

“झालं का?” ती म्हणाली. “आता उठ. गठोडं बांधाचं हाये. मले गाठ मारता येत नाई.”